बीट : अक्का

“अक्का, मध्ये थोडी मोकळी जागा ठेव,” अंबादास म्हणाला.

“कसली जागा?”

“सगळं बंद. ढोल बंद, बेस बंद. दोन श्वास काहीच न्हाई. मग एकदम धाड.”

“आणि त्या दोन श्वासांत तू काय करणार? डोकं खाजवणार?”

“तू ठेव की. मी बघतो.” माझ्या खांद्यावरून हात पुढं घालून त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं. “हितं. शेवटाकडं.”

मला ते पटलं नव्हतं. दोन पोरं समोरासमोर उभी राहून यमकात एकमेकांची अब्रू काढतात, त्याला आमच्यात बॅटल म्हणायचे. त्यात बीट, म्हणजे पाठीमागचा ठेका, मध्येच थांबली की भल्याभल्यांची फजिती होते. आधाराला काही उरत नाही आणि घशातली धाप लोकांना स्वच्छ ऐकू येते. पण मागणारा माझा धाकटा भाऊ होता आणि लाडीगोडीत त्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता. ठेवली मी जागा.

याला आता बरीच वर्षं झाली. सोलापुरात विडी कामगारांच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, मागच्या खोलीत मी, आणि अंबादासनं कुठूनसा आणलेला जुना कॉम्प्युटर. अम्माशी आम्ही तेलुगूत बोलायचो, आमच्या दोघांत मराठी. कॉम्प्युटर त्यानं स्वतःची गाणी रेकॉर्ड करायला आणला होता. त्याला तो जमेना. मला जमला. दिवसभर दुसरं करण्यासारखंही मला काही नव्हतं. व्हिडिओ बघून बघून मी शिकले, आणि मग असं झालं की सोलापुरात कुणी पोरगं रॅप करायला उभं राहिलं तर त्याच्या पाठीमागं बहुतेक माझंच काहीतरी वाजायचं. अम्मा तेंदूची पानं कातरायची त्या कात्रीचा कचकच आवाज मी एका बीटमध्ये घातला होता. तो ऐकून लातूरच्या पोरांनी निरोप धाडला होता, हा आवाज कुठल्या मशीनचा, आम्हाला पण द्या.

अंबादासच्या टोळीचं नाव होतं ‘भोंगा’. रविवारी दुपारी एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या शेडमध्ये ती जमायची. प्रत्येक गाण्याखाली ते लिहायचे, ‘बीट : अक्का’. ही अक्का कोण, काळी की गोरी, हे अंबादासचा दोस्त मल्लिनाथ सोडून कुणाला माहीत नव्हतं. मला तेच हवं होतं. माझी मान आणि उजवा गाल सासरी भाजला होता. रस्त्यावर लोक आधी गाल बघायचे, मग नजर वळवायचे, मग परत बघायचे. शेडमधल्या पोरांना माझा गाल ठाऊक नव्हता, माझी बीट ठाऊक होती. मी कधी तिथं गेले नाही, तरी त्या शेडइतकं माझं असं दुसरं ठिकाण नव्हतं.

स्टोव्हचा भडका झाला, असं मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, अम्मालाही सांगितलं. अम्मानं ते मानलं. नशिबाला चार शिव्या दिल्या आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. त्यामागची खरी गोष्ट मी फक्त अंबादासला सांगितली होती, दवाखान्यात, एकदाच. ती अम्माच्या कानावर कधी जाऊ नये, एवढं एकच मागणं मी देवाकडं शिल्लक ठेवलं होतं.

आता घासणीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हा शब्द भोंग्याच्या पोरांचाच. बॅटलच्या आधी आपल्याच टोळीतला एकजण आपला दुश्मन व्हायचा आणि आपल्याबद्दल जगात बोलता येईल तेवढं वाईट तोंडावर बोलायचा. म्हणजे खऱ्या दुश्मनानं ते काढलं तर आपण गांगरत नाही, आणि उत्तर तयार असतं. अंबादासची घासणी मल्लिनाथ हत्तुरे करायचा. तो किराणा दुकानदाराचा पोरगा, गोड तोंडाचा, आमच्या घरी येऊन अम्माच्या हातचं खाऊन जाणारा. वर गच्चीवर दोघांची जुंपायची आणि खाली आम्हाला सगळं ऐकू यायचं. “आई वळते विडी आणि पोरगं मारतंय बढाई, तोंड धू जा आधी मग कर माझ्याशी लढाई!” मल्लिनाथ ओरडायचा, आणि अम्मा खाली पोट धरून हसायची. “खरंच की,” म्हणायची, “तोंड धूत नाही हा कधी.” घासणी झाली की दोघं खाली येऊन एकाच ताटात जेवायचे. घासणीतलं बाहेर न्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

त्या वर्षी पहिल्यांदाच शेडमध्ये मोठी बॅटल ठरली. बार्शी, लातूर, गुलबर्ग्याची पोरं येणार होती आणि शेवटची फेरी टिपायला मुंबईहून व्हिडिओवाले. सकाळपासून फेऱ्या झडल्या. आणि दुपारी अंबादासचा फोन आला.

“अक्का, फायनलला मी आन् मल्ल्या!”

“दोघंही? मग काय, बक्षीस घरातच.”

“तसं न्हाई गं. लोकं बोंबलायलेत. म्हनतात, हे दोघं दोस्त, एकमेकाला गोंजारत बसतील. व्हिडिओवाला पन म्हनायलाय, मजा न्हाई आली तर टाकनार न्हाई. तू ये ना.”

“मी? वेड लागलं का तुला?”

“शेवटची फेरी तुझ्या बीटवर हाय. दोघांची एकच बीट. केवढे स्पीकर आनलेत माहितीय का? तू तुझी बीट कधी स्पीकरवर ऐकलीस का? त्या डबड्या हेडफोनमध्ये ऐकतीस नुसती.”

बरोबर जागी बोट ठेवलं त्यानं. मी कधीच ऐकली नव्हती. 

“ओढणी घे. रिक्षा पाठवतो,” तो म्हणाला. “आन् आत आलीस की डाव्या हाताला लोखंडी खांब हाय, त्याच्यापाशी हुबी ऱ्हा. तिथून चांगलं ऐकू येतं.”

मी गेले. नवी नाही, पण त्यातल्या त्यात बरी ओढणी डोक्यावरून गालापर्यंत ओढून घेतली आणि गेले. शेडमधल्या एकाही पोरानं माझ्याकडं पाहिलं नाही. सगळे मधल्या रिंगणाकडं तोंड करून उभे होते. खांब सापडला. त्याला पाठ लावून उभी राहिले, आणि तेवढ्यात माझी बीट सुरू झाली.

काय सांगू. मागच्या खोलीत बसून जो बेस मी बोटाबोटानं पुढं-मागं सरकवला होता, तो माझ्या छातीत शिरून पाठीतून बाहेर पडत होता. डोक्यावरचे पत्रे थरथरत होते. माझ्यापुढच्या एका पोरानं शेजारच्याला कोपर मारलं आणि म्हणाला, “बीट कुनाची बे ही?”

“अक्काची. दुसऱ्या कुनाची असनार?”

मी त्यांच्यामागं हातभर अंतरावर उभी होते. ओढणीच्या आत मी हसत होते, आणि इतकी हसत होते की गालाची आखडलेली कातडी दुखायला लागली. सासर सुटल्यापासून तेवढी सुखी मी कधी झाले नव्हते.

आधी अंबादास बोलला. त्यानं मल्लिनाथचं पोट काढलं, दुकानातला तराजू काढला, त्याची तोतरी इंग्रजी काढली. लोक हसले, पण जांभया देणारेही होते. मग मल्लिनाथ पुढं झाला. सुरुवातीला त्यानंही अंबादासची चप्पल, अंबादासचे केस असलंच काहीतरी चालवलं. कुणीतरी मागून ओरडलं, “आरं मुके घ्या आता एकमेकाचे!”

मल्लिनाथनं त्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं, मग अंबादासच्या अगदी जवळ गेला आणि आवाज खाली आणला.

“भडका झाला म्हनं घरात, स्टोव्ह फुटला होता
खोटं बोलतोस दोस्ता, स्टोव्ह थंड होता
भैनीनंच सोताला लावली आग, सांग की सगळ्यांसमोर
तिला लपवतोस घरात, भाईर फिरतोस होऊन शेर!”

शेडमधून जो आवाज उठला तो आनंदाचा होता, हे मी मुद्दाम सांगते. कुणाला वाईट वाटलं नाही. भारी लागला वार, असा तो आवाज होता. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. मी खांबाला इतकी घट्ट टेकले की त्याचा गंज माझ्या पाठीला लागला. माझ्या डोक्यात अंबादासबद्दल एकच विचार होता, पोरगं कोसळणार आता. त्याच्यासाठी माझा जीव तुटला. खरंच तुटला. मला वाटलं, धावत जावं आणि त्याला तिथून ओढून आणावं.

आणि बीट थांबली.

मी ठेवलेली मोकळी जागा होती ती. ढोल बंद, बेस बंद. अंबादास मान खाली घालून उभा होता. त्यानं एक श्वास घेतला. मग मान वर केली, डावा हात सरळ लांब केला आणि बोट माझ्यावर रोखलं. दुसरा श्वास. धाड.

“लपवली न्हाई मल्ल्या, बघ तिथं हाय हुबी
जळाली पन विझली न्हाई, ही अक्काची खुबी
जाळाला जी पुरून उरली, तिला तू काय जाळशील?
पाय धर आधी तिचे, मग माझ्यापुढं टिकशील!”

एक अक्षर अडखळलं नाही. एक श्वास चुकला नाही. त्या क्षणी सुचलेलं कसं येतं हे मला सांगायची गरज नव्हती. वर्षभर मी या पोरांची गाणी कापत आणि जोडत होते. सुचलेलं धापा टाकत येतं, मध्ये ‘ए’, ‘अरे’, ‘म्हंजे’ अशी ठिगळं लावत येतं. हे घासून घासून गुळगुळीत झालेलं होतं. मल्लिनाथही बरोबर थांबला होता, माझ्या मोकळ्या जागेआधी लोकांच्या आरड्यापुरती फट ठेवून. एक ओळ जास्त झाली असती तर ती त्या जागेत सांडली असती.

दोघांनी मिळून शिवलं होतं ते. माझ्या मापानं, माझ्याच कापडावर.

सगळी शेड माझ्याकडं वळली. मोबाइल वर आले, त्यांचे दिवे माझ्या तोंडावर पडले. व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन पळत आला. “ताई, ओढणी जरा बाजूला,” तो म्हणाला, “प्लीज.” कॉलेजातल्या दोन मुलींनी मला मिठी मारली तशी ओढणी गालावरून घसरली, आणि त्या रडायला लागल्या. एका पोरानं खरोखरच वाकून माझे पाय धरले. “अक्का, अक्का,” असा गजर चालला होता. तिकडं रिंगणात मल्लिनाथ आणि अंबादास रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. ज्यानं मघाशी बीट कुणाची म्हणून विचारलं होतं, तो माझ्या गालाकडं टक लावून बघत होता. त्याचे डोळे भरले होते. बीटचं त्यानं मला काही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा अम्मा विड्यांचे कट्टे बांधत होती. “झालं का नाचगाणं?” तिनं विचारलं. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं दोघं आले, गळ्यात गळा घालून, हातात करंडक. जिंकला अंबादास होता, पण हरलेला मल्लिनाथ जास्त खुश दिसत होता.

“अक्का, लोकं रडली गं तुझ्यासाठी!” अंबादास दारातूनच म्हणाला. “व्हिडिओवाला म्हनला, आजच टाकतो.”

“उत्तर कधी बनवलंस?” मी विचारलं.

“आँ?”

“मल्लिनाथच्या वाराला उत्तर. ते कधी बनवलंस?”

त्यानं मल्लिनाथकडं पाहिलं. मल्लिनाथ करंडकावरची धूळ पुसायला लागला, त्यावर नसलेली.

“घासणीत,” अंबादास म्हणाला. “हितं न्हाई, शेडमध्ये.”

“आणि वार?”

“वार पन. दोघांनी मिळून. फायनलला आमीच दोघं येनार वाटलंच होतं. आगं, फायनल मऊ झाली असती तर कुत्रं विचारत न्हवतं आमाला. आन् मी तुझी इज्जतच वाढवली की. शेवटचा शब्द माझा होता.”

“मल्लिनाथला कुणी सांगितलं?”

“काय?”

“स्टोव्ह थंड होता हे.”

तो वैतागला. अगदी खराखुरा वैतागला, अडाण्याला शिकवताना वैतागतात तसा. “घासणीत सगळं सांगावंच लागतं, अक्का. जे लई दुखतं तेच सांगावं लागतं. न्हाईतर घासणी कसली?”

“दुखतंय कुणाचं?”

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला न घासलेला प्रश्न आला होता. मल्लिनाथ हळूच म्हणाला, “चुकलं असंल अक्का. पन लई भारी झालं ओ. तुमी बघा तर एकदा.”

माझा संताप त्या पोरावर नव्हता. तो बाहेरचा होता. माझा भाऊ मला डाव्या खांबापाशी उभी राहा म्हणाला होता. तिथून चांगलं ऐकू येतं म्हणाला होता. तो त्या घटकेला मेला असता तरी मी रडले नसते, आणि हे मी कुणापासून लपवत नाही.

अंबादास पुढच्या खोलीत गेला. त्याला कौतुक हवं होतं, आणि घरात कौतुक करणारं हक्काचं माणूस एकच होतं. “अम्मा, हे बघ,” तो तेलुगूत म्हणाला, “अक्काबद्दल बोललोय मी.” आणि काय होतंय हे मला कळायच्या आत, पोरांनी टिपलेली फेरी लावून त्यानं मोबाइल अम्माच्या सुपात, तंबाखूवर ठेवला.

मी उठले, पण दारापर्यंतच पोचले. माझी बीट वाजत होती. त्या एवढ्याशा मोबाइलमधून ती डबा वाजवल्यासारखी येत होती. बीटवरचं भराभर बोलणं अम्माला कधी समजायचं नाही, ती नुसती मान डोलवायची. त्या दिवशीही ती डोलवत होती. मग मल्लिनाथनं आवाज खाली आणला, शब्द सावकाश झाले, आणि अम्माची मान थांबली. पुढचं अंबादासचं बोट, माझा ओढणीतला चेहरा, लोकांचा गजर, तिनं काही पाहिलं नाही. 

“स्टोव्ह थंड होता म्हणजे?” तिनं विचारलं.

अंबादास हसत होता. मग त्याचं हसू मावळलं. 

“म्हणजे काय रे?” अम्मानं पुन्हा विचारलं. तिनं त्याला विचारलं होतं, पण बघत माझ्याकडं होती.

खोटं बोलायची संधी होती. गाण्यात काहीही बोलतात अम्मा, एवढं म्हटलं असतं तरी तिनं मानलं असतं. माझं सगळं ती मानायचीच. पण शेडमधून घरी येईपर्यंत माझ्यातलं ते बळ संपलं होतं. मी मान खाली घातली. अम्मानं मोबाइल सुपातून उचलला, त्याला चिकटलेली तंबाखू झटकली आणि तो अंबादासच्या हातात दिला.

व्हिडिओ चालला. त्यांना हवा होता त्याहून जास्त चालला. भोंग्याला पुण्याची, नाशिकची बोलावणी यायला लागली. महिन्याभरानं दोघं पुन्हा माझ्यापुढं येऊन बसले. कुठल्याशा कॉलेजात कार्यक्रम होता, तिथं माझा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल, नारळ, आणि मी दोन शब्द बोलायचे.

“कशाबद्दल?” मी विचारलं.

“हिमतीबद्दल,” मल्लिनाथ म्हणाला. “पोरी लई येनार हायत, अक्का.”

“आणि कार्यक्रमाची बीट? कधी देऊ? कसली हवी?”

अंबादास म्हणाला, “बीटचं आमी बघितलंय. पुन्याचा एक पोरगा करायलाय. तू आता नुसतं पुढं बसायचं गं. तुला कशाला तरास?”

घरात पाहुणा बसलाय, चहा तरी टाकावा, असं काहीतरी मनाशी म्हणत मी उठले आणि गॅसपाशी गेले. लायटर हातात घेतला तोच पुढच्या खोलीतून सूप आपटल्याचा आवाज आला. अम्मा धडपडत उठली होती. पानं, तंबाखू, वळलेल्या विड्या सगळं जमिनीवर सांडलं होतं आणि ती त्यातूनच चालत आली.

“तू बस,” ती म्हणाली आणि लायटर माझ्या हातातून काढून घेतला. “मी ठेवते.”

आज तिचे दोन्ही गुडघे गेलेत. भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नाही. तरी आमच्या घरात गॅस तीच पेटवते.